हलकी मोटार : लोटस सेव्हनची हकीकत

सारंगखेड्याच्या यात्रेंतील घोड्यांचा बाजार आपल्या जिल्ह्यांतील बहुतेक वाचकांनीं पाहिला असेल. तेथें जाणतें गिऱ्हाईक घोडें किती थोराड आहे एवढेंच पाहत नाहीं. तें त्याचे पाय व छाती न्याहाळतें, पाठीवरून हात फिरवितें आणि मग त्याची चाल पाहूं मागतें. ओझें ओढणाऱ्या जनावराची परीक्षा निराळी आणि धांवणाऱ्या जनावराची निराळी, हें त्याला पक्कें ठाऊक असतें. बैलगाड्यांतहि आपल्याकडे हा भेद पूर्वापार आहे. कडबा व कापूस वाहणारी गाडी वेगळी आणि माणसांना लवकर पोहोंचविणारी दमणी वेगळी. दमणीस जोडलेले बैल मोठे नामांकित असतात असें नाहीं. पण गाडीच हलकी असल्यामुळें साधे बैलहि तिला घेऊन पळतात.

मोटारगाडीच्या बाबतींत मात्र पुष्कळांची समजूत अशी असते कीं, गाडी वेगवान् करावयाची तर तिच्यांत मोठें इंजिन बसवावें म्हणजे झालें. ही समजूत अगदींच खोटी नव्हे. पण ती अर्धीच खरी आहे. दुसरा अर्धा भाग कोणता, हें ज्या एका लहानशा इंग्रजी गाडीनें उत्तम रीतीनें दाखविलें, तिची माहिती प्रस्तुत लेखांत देण्याचें योजिलें आहे. गाडीचें नांव लोटस सेव्हन. लोटस म्हणजे कमळ. सेव्हन म्हणजे काय तें विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच.

या गाडीचा कर्ता कॉलिन चॅपमन हा १९२८ सालीं इंग्लंडांत जन्मला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत तो स्थापत्यशास्त्र शिकला. पूल, छपरांच्या कैच्या, इमारतींचे सांगाडे यांवर भार किती येतो व तो कसा वांटला जातो, याचें गणित तेथें शिकवितात. आणि चॅपमन मोटारीकडेहि त्याच दृष्टीनें पाहूं लागला. १९४८ सालीं त्यानें एका जुन्या ऑस्टिन सेव्हन मोटारीच्या आधारानें आपली पहिली गाडी तयार केली. ती चिखलांतून चढण चढण्याच्या शर्यतींकरितां होती. कमळ चिखलांतच उगवतें, हें आपल्याकडील वचन येथें अनायासें लागू पडलें असें गंमतीनें म्हणावयास हरकत नाहीं.

१९५२ सालीं चॅपमननें कंपनी काढली. उत्तर लंडनमध्यें हॉर्न्सी या भागांत त्याच्या वडिलांचें रेल्वे हॉटेल होतें, आणि त्या हॉटेलामागील जुने तबेले हाच तिचा पहिला कारखाना. भांडवल बेताचें, जागा बेताची, मोठें इंजिन स्वतः घडविण्याची ऐपत मुळींच नाहीं. तेव्हां बाजारांत मिळणारें फोर्ड कंपनीचें साधें इंजिन घ्यावयाचें आणि गाडीचें बाकीचें अंग इतकें हलकें करावयाचें कीं, त्याच इंजिनाच्या बळावर ती महागड्या गाड्यांच्या बरोबरीनें पळावी, हा एकच मार्ग त्याला मोकळा होता. गरजेंतून निघालेली ही युक्ति पुढें त्याच्या सर्व कामाचें सूत्र बनली. आधीं सोपें करा आणि मग त्यांत हलकेपणा घाला, अशा अर्थाचें एक वचन त्याच्या नांवावर सांगतात. कांहीं काढून टाकल्यावांचून हलकेपणा येत नाहीं, आणि हा तर म्हणतो घाला! परंतु गाडींत काय जोडावें हें ठरविण्यापेक्षां तिच्यांतून काय काढतां येईल हें ठरविणें अधिक कठीण असतें, हें ज्यानें एखादें यंत्र स्वतः खोलून पाहिलें आहे त्याला सहज पटेल.

लोटस सेव्हन १९५७ सालीं निघाली. तिला आरंभीं दारें नव्हतीं. काचा खालींवर करण्याची सोय नाहीं, मागची बैठक नाहीं, छप्पर म्हणाल तर पाऊस आल्यास ओढून घेण्याचा एक कापडी टप. लांब निमुळतें नाक, गाडीच्या अंगाबाहेर उघडीं असलेलीं पुढचीं चाकें, आणि दोन माणसें खांद्याला खांदा लावून कशीबशी मावतील एवढी बसण्याची खोळ. बसणाराची पाठ जवळजवळ मागच्या चाकांना टेकलेली असते आणि बाहेर हात सोडला तर तो रस्त्याच्या अगदीं जवळ पोहोंचतो. आपल्याकडील गतिरोधकांवर हिचें पोट घासल्यावांचून राहणार नाहीं. ज्यांना मोटार म्हणजे आराम वाटतो त्यांनीं हिच्या वाटेस जाऊं नये हेंच बरें. तरी पण १९६७ सालच्या ‘द प्रिझनर’ नांवाच्या इंग्रजी चित्रमालिकेंत नायक हीच गाडी हांकतांना दिसला आणि तिचें नांव सर्वतोमुखीं झालें.

आतां हिच्या हाडांच्या सांगाड्याकडे वळूं. चार बांबूंची एक चौकट बांधा आणि तिच्या एका कोपऱ्याला रेटा द्या. चौकट लगेच कलते; जुनी बाज जशी एका बाजूला कलते तशी. आतां त्याच चौकटींत एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी काठी बांधा. चौकट हलणार नाहीं. चौकोनाचा आकार बाजूंची लांबी न बदलतां बदलूं शकतो, त्रिकोणाचा बदलूं शकत नाहीं, हा भूमितींतील सिद्धान्त येथें प्रत्यक्ष कामास येतो. छपराच्या कैचींत आणि रेल्वेच्या लोखंडी पुलांत जे तिरपे तुकडे दिसतात ते यासाठींच. चॅपमननें पोलादाच्या बारीक पोकळ नळ्या घेऊन त्यांचा असाच त्रिकोणांचा पिंजरा बनविला आणि त्यावर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे ठोकले. जाड लोखंडाच्या दोन तुळयांवर पेटी ठेवावी तशा जुन्या पद्धतीच्या गाडीपेक्षां हा पिंजरा पुष्कळ हलका, आणि पीळ पडण्यास मात्र तितकाच कठीण. नळी पोकळ कां, असा प्रश्न कोणी विचारील. ज्वारीचें ताट व बांबू हींहि पोकळच किंवा आंतून भुसभुशीत असतात. वांकण्याला विरोध करण्याचें काम बाहेरच्या कडेचें द्रव्य करतें, मध्यभागाचें फारसें कांहीं चालत नाहीं.

एका वस्तूचें वजन कमी झालें कीं दुसऱ्या वस्तूंचेंहि कमी करतां येतें, ही यांतील खरी गंमत आहे. अंग हलकें म्हणून इंजिन लहान चालतें. इंजिन लहान म्हणून त्याला धरणारा सांगाडा बारीक चालतो. सांगाडा बारीक म्हणून ब्रेक लहान, चाकें लहान, पेट्रोलची टांकी लहान. जड गाडींत हेंच चक्र उलट फिरतें आणि गाडी जाडजूड होत जाते.

आंकड्यांनीं हें अधिक स्पष्ट होईल. १९७० सालच्या सेव्हनमध्यें फोर्डचें १६०० सी.सी.चें इंजिन असे व तें सुमारें ८४ अश्वशक्ति देई. गाडीचें वजन पावणेसहाशें किलोच्या आसपास. त्याच काळांत आपल्या रस्त्यांवर धांवणारी ॲम्बॅसडर सुमारें ११०० किलोंची, आणि तिच्या १४८९ सी.सी.च्या इंजिनाची शक्ति ५० अश्वांच्या आसपास. प्रत्येकींत दोन माणसें, म्हणजे १४० किलो, बसविले असें धरा आणि भागाकार करा. सेव्हनला दर टनामागें सुमारें ११७ अश्व मिळतात, ॲम्बॅसडरला जेमतेम ४०. इंजिनाच्या आकारांत फारसा फरक नाहीं, पण चालींत जवळजवळ तिपटीचा आहे. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणें बल तेंच राहिलें तर वस्तुमान जितकें कमी तितका वेग वाढण्याचा दर अधिक. वर्गांत फळ्यावर लिहिला जाणारा नियम तो हाच. येथें ॲम्बॅसडरवर अन्याय होऊं नये म्हणून सांगितलें पाहिजे कीं, तिच्यांत अख्खें कुटुंब, दोन पाहुणे आणि धान्याचें पोतें इतका संसार मावे. सेव्हनमध्यें दप्तर ठेवावयाचें तरी अडचण पडते.

वळणावर हलकी गाडी अधिक वेगानें जाते याचें कारण थोडें सूक्ष्म आहे. जड गाडी टायरांना अधिक दाबते, म्हणून तिची पकड अधिक असणार, असें प्रथम वाटतें, आणि तें खरेंहि आहे. परंतु तिला वळविण्यास बलहि तितकेंच अधिक लागतें. पुस्तकांतल्या घर्षणाच्या नियमाप्रमाणें हीं दोन्हीं सारखींच वाढून हिशेब बरोबरींत सुटावा. रबराचें तसें नाहीं. टायरावरील भार दुप्पट केला तर त्याची पकड वाढते, पण दुप्पट होत नाहीं. कांहींशी कमी पडते. म्हणून दर किलोमागें पकड पाहिली तर हलकी गाडी पुढें असते. शिवाय सेव्हन इतकी बुटकी आहे कीं, वळतांना तिचा भार बाहेरच्या चाकांवर फारसा झुकत नाहीं.

ब्रेकांचा विचार तर आपल्या जिल्ह्यांतील प्रत्येकानें करण्यासारखा आहे. आपल्याकडे तोरणमाळचा घाट आहे, तळोद्याहून धडगांवकडे जातांना चांदसैलीचा घाट आहे, आणि या घाटांतून माणसांनीं खचाखच भरलेल्या जीपा उतरतांना सर्वांनीं पाहिल्या आहेत. समजा, माणसांसह २००० किलो वजनाची एक जीप ७०० मीटर उंची उतरून खालीं आली. उंचीवर असतांना तिच्यांत जी शक्ति साठलेली होती ती वस्तुमान, गुरुत्वाकर्षण व उंची यांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे सुमारें १ कोटी ३७ लाख जूल. गाडी वेग न वाढवितां खालीं यावयाची तर ही सर्व शक्ति कोठेंतरी उष्णतेच्या रूपानें गेली पाहिजे. एवढ्या उष्णतेनें सुमारें ४३ लिटर साधें पाणी उकळीस येईल. सेव्हन दोन माणसांसह, म्हणजे ७२० किलो धरून, त्याच घाटांतून उतरली तर हाच आंकडा पंधरासोळा लिटरांवर येतो. गाडी खालच्या गिअरांत असेल तर या उष्णतेचा मोठा वांटा इंजिन घेतें. पेट्रोल-डिझेल वांचविण्याच्या हेतूनें चालकानें उतारावर गाडी गिअरांतून काढली कीं तो सगळा भार ब्रेकांवर पडतो. ते तापतात, आणि अति तापलेला ब्रेक धरीनासा होतो. जितकीं माणसें अधिक तितकें पाणी अधिक उकळणार. टपावर बसलेला दहावा-अकरावा मनुष्य आपल्या भाड्याचा विचार करतो. ब्रेक त्याच्या वजनाचा हिशेब करीत असतो.

पुन्हां विलायतेकडे वळूं. सेव्हनच्या खपामागें एक मजेचें कारण होतें. इंग्लंडांत त्या काळीं तयार मोटारीवर खरेदीकर असे. परंतु सुटे भाग विकत घेऊन मनुष्यानें घरींच गाडी जुळविली तर तो कर लागत नसे. म्हणून चॅपमन सेव्हन पेट्यांत भरून सुट्या भागांच्या रूपानें विकी. शनिवार-रविवारीं घरामागच्या पडवींत बसून बाप-लेकांनीं मोटार जोडावी असा तो प्रकार. मात्र कायद्यानें अशी अट होती म्हणतात कीं, भागांबरोबर ते जोडण्याच्या सूचना द्यावयाच्या नाहींत. तेव्हां कंपनीनें गाडी *खोलण्याच्या* सूचना छापून दिल्या, आणि गिऱ्हाईकांनीं त्या शेवटापासून आरंभाकडे वाचल्या, अशी गोष्ट आजवर सांगितली जाते. कायद्याशीं केलेली ही लपंडाव कोणाला चतुराई वाटेल, कोणाला लबाडी. आम्हांस ती दोहोंच्या सीमेवरची वाटते.

१९६० सालीं सेव्हनची दुसरी आवृत्ति निघाली, १९६८ सालीं तिसरी आणि १९७० सालीं चौथी. या चौथ्या गाडीचें अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याऐवजीं काचतंतूंचें, म्हणजे ज्याला आपण नुसतें फायबर म्हणतों त्याचें होतें. हें द्रव्य समजण्यास आपल्याकडील कुडाची भिंत पुरे. तुराट्यांचा किंवा बांबूच्या कामट्यांचा कूड विणतात आणि त्यावर माती-शेणाचा गिलावा देतात. नुसता गिलावा उभा राहणार नाहीं, नुसता कूड वारा अडविणार नाहीं. दोन्ही मिळून भिंत होते. फायबरमध्यें कामट्यांच्या जागीं कांचेचे अतिशय बारीक तंतु असतात आणि गिलाव्याच्या जागीं घट्ट होणारी राळ. ताण तंतु घेतात, आकार राळ राखते. सांचा एकदां केला कीं त्यांतून हवा तो गोलवा काढतां येतो, आणि त्यास गंज चढत नाहीं. चौथी सेव्हन अधिक रुंद व थोडी अधिक सुखावह होती, परंतु जुन्या चाहत्यांना तिचें गुबगुबीत रूप रुचलें नाहीं. ती सुमारें सहाशेंच बनली.

एव्हांना चॅपमनचा कारखाना नॉर्फोकमधील हेथेल येथें, महायुद्धांतील एका जुन्या विमानतळावर गेला होता, आणि त्याला आतां मोठ्या, महाग गाड्या करावयाच्या होत्या. त्यांतच १९७३ सालीं इंग्लंडांत जुना खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला व सुट्या भागांची सवलत संपली. त्याच वर्षीं लोटसनें सेव्हनचे हक्क सरे परगण्यांतील केटरहॅम गांवच्या एका विक्रेत्याकडे दिले. ग्रॅहॅम नर्न हा त्या दुकानाचा प्रमुख. त्यानें आरंभीं चौथी सेव्हनच चालविली, पण १९७४ सालीं ती सोडून तो तिसऱ्या आवृत्तीच्या जुन्या पत्र्याच्या गाडीकडे परतला. तीच गाडी, इंजिनें बदलत बदलत, केटरहॅम या नांवानें आजहि बनते. गाडीच्या मूळ कर्त्यानें जी टाकून दिली ती तिच्या विक्रेत्यानें अर्धशतकाहून अधिक काळ जगविली, असा प्रकार मोटारींच्या इतिहासांत विरळा.

आपल्या देशांत या काळीं अशी गाडी येणें शक्यच नव्हतें. मोटारी बनविण्यास सरकारी परवाना लागे आणि तो मोजक्याच कारखान्यांना होता : उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मुंबईस कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. यांतील स्टँडर्ड कंपनी १९६१ पासून हेरल्ड गाडी बनवीत असे. विलायतेंत याच हेरल्डचा सांगाडा आंखूड करून १९६२ सालीं ट्रायंफ स्पिटफायर ही दोन माणसांची चपळ गाडी काढली गेली व ती १९८० पर्यंत चालली. म्हणजे एका हलक्या शर्यती गाडीची हाडें आपल्या रस्त्यांवर शाळामास्तरांना व डॉक्टरांना घेऊन हिंडत होतीं, आणि तें कोणाच्या लक्षांतहि येत नव्हतें.

परवान्यांचे दिवस गेल्यावर मात्र ही कमतरता महाराष्ट्रांतच भरून निघाली. रायगड जिल्ह्यांत अलिबागजवळ कार्लेखिंड येथें चिंकारा मोटर्स या लहानशा कारखान्यानें या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत लोटस सेव्हनच्या धर्तीवर दोन माणसांची उघडी गाडी तयार केली. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर फायबरचें अंग. इंजिन कोणतें घेतलें असेल? ॲम्बॅसडरमध्यें १९९० नंतरच्या दशकांत जें १८०० सी.सी.चें जपानी इसुझू इंजिन बसूं लागलें, तेंच. चॅपमननें फोर्डचें घेतलें, यांनीं ॲम्बॅसडरचें, युक्ति एकच. टॅक्सी म्हणून ज्या इंजिनाची ओळख तें हलक्या अंगांत बसतांच हरणासारखें पळूं लागलें, आणि गाडीचें नांवहि चिंकारा हरणाचें आहे. ज्या ॲम्बॅसडरनें तें इंजिन पुरविलें तिची बनावट २०१४ सालीं थांबली.

हलकेपणाची स्तुति येथवर झाली. त्याची दुसरी बाजू सांगितल्यावांचून लेख प्रामाणिक होणार नाहीं. चॅपमनच्या शर्यतीच्या गाड्यांनीं जगांतील पुष्कळ अजिंक्यपदें मिळविलीं. परंतु त्या नाजूक असतात, असा त्यांचा लौकिक चालकांत होता. जिम क्लार्क हा त्याचा लाडका चालक १९६८ सालीं जर्मनींतील हॉकेनहाइम येथें लोटस हांकतांनाच मृत्यु पावला. १९७० च्या सप्टेंबरांत इटलींत मोंझा येथें सरावाच्या वेळीं योखेन रिंट याची लोटस एकाएकीं वळून कठड्यावर आदळली व तोहि गेला. पुढच्या ब्रेकाचा दांडा तुटला असें मानलें जातें. कठडाहि नीट बसविलेला नव्हता. त्या वर्षाच्या शर्यतींत त्याचे गुण इतके झाले होते कीं, उरलेल्या शर्यतींत कोणीहि त्याला गांठूं शकलें नाहीं आणि जगज्जेतेपद मृत मनुष्याच्या नांवें लिहिलें गेलें. हलक्या गाडींतून प्रत्येक ग्रॅम काढतांना कोणता ग्रॅम मनुष्याच्या जीवावर बेतेल हें आधीं कळणें सोपें नसतें. चॅपमनजवळ असामान्य बुद्धि होती यांत संशय नाहीं. थांबावें कोठें, याविषयीं त्याचा निर्णय नेहमींच बरोबर होता असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं. सेव्हनसारख्या उघड्या गाडींत तर आदळल्यास मध्यें कांहींच नसतें. लोखंडाची जाड पेटी नाहीं, दार नाहीं, वर छप्परहि नाहीं. म्हणून अशा गाड्यांत पुढें बसणाराच्या डोक्यामागें मजबूत नळीची कमान बसविण्याची चाल पडली. तिनें कांहीं किलो वाढतात, आणि ते वाढूं द्यावे लागतात.

आपल्या विद्यालयांतील जीं मुलें-मुली पुढें यंत्रशास्त्राकडे जातील त्यांना ही विद्या पुस्तकांतच शिकावी लागेल असें नाहीं. सातपुड्यापलीकडे इंदूरजवळ पीथमपूर येथें २००७ पासून बाहा या नांवाची विद्यार्थ्यांची स्पर्धा भरत आलेली आहे. तींत महाराष्ट्रांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघहि उतरतात. प्रत्येक संघानें खडबडीत जमिनीवर चालणारी एका माणसाची गाडी स्वतः आंखावयाची, नळ्या कापावयाच्या, वितळजोड करावयाचे आणि ती चालवून दाखवावयाची. सर्वांना हलकी गाडी हवी असते, त्यामुळें महिनोन्‌महिने एकेका नळीवर वाद चालतो. मात्र चालकाभोंवतींच्या पिंजऱ्याच्या नळीची जाडी व बळकटी किमान किती असावी हें नियमांत आधींच ठरवून दिलेलें असतें. शर्यतीपूर्वीं परीक्षक गाडी तपासतात, आणि तेथें नळी ठरल्याहून बारीक भरली तर ती गाडी मैदानांत उतरूं देत नाहींत.